पेपरात तर पिवळाच होता

सावंतसाहेबांनी चेकलिस्ट पुढे केली आणि म्हणाले, "वाचा."

शोभाताईंनी ती घेतली, घसा खाकरला आणि सुटल्याच. "लॉबीची फरशी पुसली. लिफ्टचे आरसे पुसले. पॅन्ट्रीतलं बेसिन घासलं..." कुठे अडखळणं नाही, काही नाही. मी मागे उभी राहून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. मग माझं लक्ष कागदाकडे गेलं. कागद उलटा होता.

सावंतसाहेबांनी तो मुद्दामच उलटा दिला होता.

मी मोठ्या माणसांना त्यांच्या कामाच्या जागी लिहायला-वाचायला शिकवते. त्या वेळी अंधेरीतल्या एका ऑफिसच्या इमारतीत हाउसकीपिंगच्या आठ बायकांचा वर्ग घेत होते. दुपारी शिफ्ट बदलताना एक तास, पॅन्ट्रीमागच्या खोलीत, मॉप आणि बादल्यांच्या सोबतीने. शोभाताई गुरव त्यांच्या म्होरक्या. राहायला जोगेश्वरीला, मूळच्या मालवणकडच्या, आणि आवाज असा की एका मजल्यावर बोलल्या की दोन मजल्यांवरच्या बायका पदर खोचून कामाला लागायच्या. सुपरवायझरचं काम त्या कित्येक वर्षं करतच होत्या. फक्त ते पद त्यांच्याकडे नव्हतं, कारण सुपरवायझरला चेकलिस्ट आणि क्लायंटच्या तक्रारी वाचता याव्या लागतात. आता ती जागा रिकामी झाली होती आणि शोभाताईंना ती हवी होती. अगदी जीव तोडून हवी होती.

"मॅडम, हे वाचन नाही, पाठांतर आहे," सावंतसाहेब म्हणाले. ते तिथले साइट मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण एकदा मत बनवलं की त्याला सिमेंट लावतो. "दसऱ्यानंतर मी बाहेरून सुपरवायझर आणतोय. आणि क्लासचंही तेव्हाच बघू. उगाच टाइमपास नको."

बाहेर आल्यावर शोभाताई भिंतीला टेकल्या. "अक्षरं येतात हो मला. पण साहेब समोर उभा राहिला की डोळे बंद होतात नि तोंड सुटतं. आता काय करूचा?"

मला त्यांचा राग आला नाही, स्वतःचा आला. हा घोळ आमच्या धंद्यातला नेहमीचा आहे. ज्याला वाचता येत नाही, तो माणूस आयुष्यभर स्मरणशक्तीवर निभावून नेतो. बसचा रंग, औषधाच्या बाटलीचं झाकण, साहेबाची सही, सगळं डोक्यात. अशा माणसाला एकच मजकूर चार वेळा दिला की तो पाठच होतो. त्याला वाटतं आपण वाचतोय, शिकवणारीला वाटतं आपण शिकवतोय, आणि दोघंही खूश. यावर उपाय एकच. जे आधी कुणीच वाचून दाखवलेलं नाही, ते द्यायचं.

ते शोधायला लांब जावं लागलं नाही. काचेची दारं पुसायला जुने पेपर लागतात. ओल्या फडक्यानंतर काचेवर पेपर फिरवला की डाग राहत नाही. त्यामुळे आमच्या वर्गातच छताला टेकेल एवढी रद्दी पडलेली होती. इतके दिवस वर्गात गिरवलेली चेकलिस्ट मी कपाटात टाकली आणि म्हटलं, "यातलं हाताला लागेल ते पान काढा आणि वाचा. मी काही सांगणार नाही."

पहिले काही दिवस नुसता आनंदीआनंद होता. मग एक दिवस कांबळेताईंनी वधू-वर सूचक पान उघडलं. कांबळेताई घाटकोपरच्या, बोलायला फटकळ. "'मुलगा उंच, गोरा, निर्व्यसनी...'" अक्षर अक्षर जुळवत त्या तिथवर पोचल्या आणि पान खाली ठेवलं. "खोटं बोलतायत. असा असता तर जाहिरात द्यायची वेळ आली असती का?"

त्या दिवसापासून वर्गाला पंख फुटले. राशिभविष्य, हरवल्याच्या जाहिराती, पुरणपोळी न फुटण्याचे उपाय, जे मिळेल ते. काच पुसता पुसता बायका थबकायच्या. सावंतसाहेब एकदा लॉबीतून ओरडले, "अरे, काच पुसताय की पेपर? अर्धा तास झाला त्या दाराला!"

"साहेब, खुनी सापडायचाय अजून," कांबळेताई म्हणाल्या.

नवरात्र जवळ आलं. मुंबईत नवरात्राचे नऊ रंग म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्या बाईला सांगायला नको. त्या दिवसाचा रंग अंगावर नसेल तर दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं होतं. आमच्या इमारतीत या नऊ दिवसांत हाउसकीपिंगच्या बायकांनाही युनिफॉर्मऐवजी साडी नेसायची परवानगी असे आणि पहिल्या दिवशी लॉबीत सगळ्यांचा एकत्र फोटो निघे. दरवर्षी या बायका रिसेप्शनवरच्या मुलीला विचारायच्या, "उद्या कुठला गं?" ती फोनमध्ये बघून सांगायची. कधी कधी विसरायचीसुद्धा.

यंदा शोभाताईंनी फर्मान काढलं. "कोणाक विचारायचं नाय. आपण वाचायचं." हे सगळं माझ्यामागे चाललं होतं. मला मोठ्ठं सरप्राइज द्यायचं होतं म्हणे.

ते मिळालं. घटस्थापनेच्या सकाळी मी लॉबीत शिरले तर अख्खी इमारत पांढरी. रिसेप्शन पांढरं, अकाउंट्स पांढरं, वॉचमनचा रुमालसुद्धा पांढरा. आणि लिफ्टपाशी आठ बायका, पदरापासून टिकलीपर्यंत पिवळ्याधमक.

"वाट लागली," कांबळेताई माझ्या कानात म्हणाल्या. "आमच्यात घट बसत नाही, मी आपली फोटोसाठी नवी साडी घेतली. तीपण पिवळी!"

शोभाताईंचा चेहरा बघवत नव्हता. "पण पेपरात तर पिवळाच होता! मी स्वतः वाचला. पहिली माळ, पिवळा. तीनदा वाचला!"

तेवढ्यात सावंतसाहेब आले. पांढरा कुडता, कडक इस्त्री. त्यांनी आठही जणींवरून नजर फिरवली. "हे काय? कोणाची हळद आहे आज?"

लॉबीत हशा पिकला. शोभाताईंनी पर्समधून घडी केलेलं पान काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी ते उलगडलं, वरचा कोपरा पाहिला आणि खो खो हसत सुटले. "अहो बाई, हा मागच्या वर्षीचा पेपर आहे! रंग वारावरून ठरतात, दरवर्षी क्रम बदलतो. काच पुसायच्या रद्दीतून रंग काढलात?"

शोभाताई मान खाली घालून उभ्या. मला मात्र आतून उकळ्या फुटायला लागल्या होत्या. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "आज पिवळा आहे असं सांगणारा अख्ख्या अंधेरीत एक माणूस दाखवा."

"कोण सांगेल? आज पांढरा आहे."

"मग यांना कोणी सांगितलं?"

साहेबांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, परत पानाकडे पाहिलं. पण सिमेंट ते सिमेंट. त्यांनी पान फिरवलं आणि शोभाताईंच्या हातात दिलं. "रंगांच्या खाली काय आहे ते वाचा."

शोभाताईंनी पान घेतलं. क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्याच दोन मजली आवाजात म्हणाल्या, "साहेब, कागद आधी सरळ धरायला शिका."

आणि पान सरळ करून त्यांनी वाचलं. सावकाश, बोट ठेवत, दोनदा अडखळत. "'उप...वासाची... मिसळ. साहित्य. भिजवलेला साबुदाणा. शें... शेंगदाण्याची आमटी. बटाट्याचा... चिवडा.'" मिसळ होऊन वर दही पडेपर्यंत कोणी हललं नाही. साहेबांनी मध्येच हात वर केला, "पुरे, पुरे," पण शोभाताई कसल्या थांबतायत. कोथिंबीर घातल्याशिवाय त्यांनी पान खाली ठेवलं नाही.

फोटो निघाला. चारी बाजूंनी पांढरे आणि मधोमध पिवळ्या. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "उकडलेलं अंडं दिसतंय." त्यावर आठही जणी एकदम किंचाळल्या, "नवरात्रात अंडं काढू नकोस गं!"

बाहेरचा सुपरवायझर आला नाही. दसऱ्यानंतर शोभाताईंना सुपरवायझरचा बिल्ला मिळाला आणि वर्गही चालू राहिला. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने एक सूचना लिहून रद्दीच्या वर चिकटवली: 'पेपर वाचायच्या आधी तारीक बघणे.' साहेबांना तिथला एक 'क' खटकला. शोभाताई म्हणाल्या, "बघा, वाचलंत ना? मग झालं."

मी तेव्हापासून तारीख पहिल्या आठवड्यातच शिकवते. आणि कोणी विचारलं की तुमच्या विद्यार्थ्यांना खरंच वाचता येतं हे कशावरून, तर तो फोटो दाखवते. ऐकून पाठ करणारा माणूस सगळ्यांसारखा पांढरा नेसून आला असता. इतकं चुकायला वाचावंच लागतं.