भक्तपूरच्या वरच्या मजल्यावरचं जेवण

आईला घेऊन नेपाळला निघालोय म्हटल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला. तिचंही बरोबर होतं. आई किल्लारीच्या बाजूची. त्र्याण्णवच्या भूकंपात तिच्या डोळ्यांदेखत माहेरचं घर गेलं, तेव्हापासून ती कुठलाच जिना चढत नाही. पडेगावच्या आमच्या घरावर मी मजला चढवला, आम्ही वर राहायला गेलो, आई खालीच. सहा वर्षांत तिनं लेकाचं घर पाहिलेलं नाही. भूकंपातून पुन्हा उभं राहणारं भक्तपूर पाहिलं तर भीती जरा मोडेल, हा माझा वेडा बेत. विमानाची मात्र तिला भीती नाही. म्हणे, "ते कुठं जमिनीवर हाय हलायला?"

जाणाऱ्यांसाठी सांगतो. सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून काठमांडूचं विमान. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं, आधार नाही. पुढं टॅक्सीनं अर्ध्या तासात भक्तपूर. आपल्या शंभराच्या नोटा दुकानदार सहज घेतात. खोली मी तळमजल्यावरचीच मागून घेतली.

गाव सगळं लाल विटांचं. काही देवळं उभी राहिलीत, त्यांचं लाकूड अजून कोरं दिसतं. काहींभोवती बांबूंच्या परांच्या. नाश्त्याला तव्यावरचा उडदाचा 'बारा' खा, लई भारी. मडक्यातलं दही इतकं घट्ट की आईनं मडकं उलटं धरून पाहिलं!

दुसऱ्या दिवशी एका गल्लीत, पत्र्याच्या शेडपुढं लक्ष्मीमाया नावाच्या आजी जुन्या विटांची माती खरवडत बसल्या होत्या. आई न विचारता शेजारी बसली आणि तिनंही वीट उचलली.

"तुमारा घर पडा?"

"पूरा."

"हमारा भी."

दुपारी आजींचा मुलगा राजेश आम्हाला जेवायला बोलवायला आला. इकडं स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं. आई म्हणाली, "माझं ताट खालीच द्या."

मी कारण सांगितलं तसा राजेश हसला. "अम्मा भी ऊपर नहीं जाती." नवं घर बांधून वर्ष झालं, पण आजी शेडमध्येच रांधतात. आणि घरातल्या थोरलीनं शेगडी पेटवल्याशिवाय सून वर स्वयंपाक सुरू करायला तयार नाही. खाली वाढलेली ताटं तेवढी वर नेऊन जेवायचं.

आई उसळलीच. "आँ? बच्चे ने इतना घर बनाया, और तुम नीचे बैठती? उसका जीव नहीं दुखता क्या?"

मी आईकडं बघत राहिलो. आपण काय बोललो ते तिच्याही ध्यानात आलं. वीट खाली ठेवून ती उठली, पदर खोचला आणि आजींचा हात धरला. "चलो. मैं आती."

दोघी भिंत चाचपत, टप्प्याटप्प्याला थांबत चढल्या. आजींनी शेगडी पेटवली तशी सून रडायलाच लागली. पोहे, बटाटा, सोयाबीन असं ताट होतं. आई जिन्याला खेटून बसली, भराभरा जेवली आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरली.

घरी आलो तर आई थेट खालच्या खोलीत. मनात म्हटलं, झालं, एवढंच होतं नशिबात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला. आई वर आली, आमच्याकडं बघितलंही नाही, सरळ गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"आगं बया! हितनं दौलताबादचा किल्ला दिसतो व्हय? सहा वर्षं झाली, मला एकानंबी सांगितलं नाय!"