राजेंद्रची परवानगी घ्या

मागच्या वर्षी एका गुरुवारी मला समजलं, की आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा मालक माझा मेहुणा आहे.

कॉम्प्युटर मी घेतला होता. अख्खी दुपार घासाघीस करून घेतला होता. माउस, त्याखालची गादी, वर घालायचं झाकण आणि दोन वेळचा चहा दुकानदाराकडून फुकटात काढला होता. निघताना त्या माणसाने हात जोडले आणि म्हणाला, "काका, पुढच्या वेळी आमच्या शेजारच्या दुकानात जा. तो चांगला आहे." कसबा पेठेत हातगाडी लावण्यापासून सुरुवात करून मी मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा उभा केलाय. कोणती वस्तू कोणाची, हे मला शिकवायला लागत नाही.

पण तो चालू करून द्यायला आला राजेंद्र. राजेंद्र म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत आहे. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलंय. भाऊबीजेला ओवाळून घेतलं आणि पाटावरून उठून तो थेट कॉम्प्युटरपुढे बसला. काम झाल्यावर भरल्या घरात म्हणाला, "दाजी, बॅकअप लावून दिलाय. तुमच्या फोनमधलं सगळं रोज आपोआप इथे साठेल. तुम्ही फक्त कशालाही हात लावू नका."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या. (त्या माझ्या लग्नातही हसल्या नव्हत्या.) ते 'हात लावू नका' अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

तर त्या गुरुवारी आमची मुलगी मधुरा तोंड पाडून समोर आली. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि तिने परीक्षेसाठी पंधरा मिनिटांची एक फिल्म केली होती.

"बाबा, कॉम्प्युटर भरला."

"कोणी भरला?"

"बॅकअप नावाचं फोल्डर आहे, त्याने. फिल्म तयार आहे, पण सेव्ह व्हायला जागाच नाही. सोमवारी द्यायची आहे. नाही दिली तर वर्ष जाईल. मामाला फोन करू?"

"मामाला फोन करायचा नाही. मी रोज सकाळी ट्रक रिकामे करून घेतो. मला एक फोल्डर रिकामं करता येत नाही?"

मी खुर्चीवर बसलो, ते फोल्डर धरलं आणि डिलीटचं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकोन उमटला. मधुराने वाचून दाखवला, "या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी राजेंद्रची परवानगी घ्या."

"कोणाची?"

"मामाची. त्याने लावून दिला ना, म्हणून मालक म्हणून त्याचं नाव आहे."

मी त्या चौकोनाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हळू. खालच्यांना वाटेल, मलाच बोलताय."

शुक्रवारी सकाळी मी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यातला मुलगा धावत्या हिंदीत सांगत होता, की असं झालं तर आधी त्या फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यावी लागते. माझ्याच वस्तूची मालकी मीच घ्यायची! पण घेतली. मग बटण दाबलं आणि ते फोल्डर निमूटपणे पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडलं.

"आता डबा रिकामा करा, बाबा. त्याशिवाय जागा होत नाही."

"उद्या करू," मी म्हणालो. यार्डात बाजूला काढलेला माल आम्ही त्याच दिवशी फेकत नाही. एक रात्र ठेवतो. सकाळी भाव चढला तर तोच माल विकला जातो. एवढ्या वर्षांची सवय, ती कॉम्प्युटरसमोर बसल्याने सुटत नाही.

शनिवारी सकाळी पाहतो तर डबा रिकामा. मी खूश झालो. मग पाहिलं, तर फोल्डर जसंच्या तसं आपल्या जागेवर.

राजेंद्र. दुसरं कोण? हिंजवडीत बसून माझ्या घरात हात घालत होता. मी इंटरनेटची वायर उपटून खिशात घातली, फोल्डर पुन्हा डब्यात टाकलं, डबा सवयीने तसाच ठेवला आणि गाळ्यावर गेलो. संध्याकाळी आलो. वायर माझ्या खिशात होती आणि फोल्डर परत जागेवर होतं.

खरं सांगतो, तिथे माझा राग उतरला आणि नवल वाटायला लागलं. टाकलेला कांदा स्वतः चालत गाळ्यात परत आलेला मी अजून पाहिलेला नाही.

"सुनंदा, दुपारी घरात कोणी आलं होतं?"

"कोण येणार? मीच असते."

"कॉम्प्युटरला कोणी हात लावला?"

"राजूने कोणाला लावू नका म्हणून सांगितलंय ना," ती पोळी उलटत म्हणाली. "आणि उद्या संध्याकाळी तो जेवायला येतोय. श्रीखंड आणा."

म्हणजे माझ्याकडे रविवार संध्याकाळपर्यंतचाच वेळ उरला. त्याच्या आत ते फोल्डर गेलं नाही, तर मधुरा मामाला सांगणार, मामा खुर्चीवर बसणार आणि मला श्रीखंड वाढून वर त्याचं 'दाजी' ऐकावं लागणार.

मग मी यार्डातली युक्ती केली. पोत्यातला माल कोण काढतं हे कळायला हवं असेल, तर आपण गेलो असं दाखवायचं आणि पोत्यांमागे बसायचं. रविवारी जेवण झाल्यावर फोल्डर डब्यात टाकलं. "गाळ्यावर जाऊन येतो," असं ओरडून सांगितलं, दार जोरात आपटलं आणि आतल्या आत चवड्यांवर चालत गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या चादरीमागे स्टुलावर बसलो. आमच्या धायरीच्या उन्हात. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ त्यांच्या गॅलरीतून बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी शांतपणे विचारलं, "घरात घेत नाहीत का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आत खुर्ची सरकली. सुनंदा आली, चष्मा लावला, कचऱ्याचा डबा उघडला, फोल्डर उचलून परत जागेवर ठेवलं, कानाला हेडफोन लावला आणि मांडी घालून आरामात ऐकत बसली.

मी चादरीसकट आत आलो.

"तू?"

"गाळ्यावर गेला होतात ना?" तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"काल हात लावला नाही म्हणालीस."

"तसं कुठे म्हणाले? राजूने काय सांगितलं ते सांगितलं. आणि मी बघितल्याशिवाय या घरातली रद्दी कधी बाहेर गेली आहे का? मधुरा म्हणाली तो कचऱ्याचा डबा आहे. उघडला तर तुडुंब. बरं, डब्यात असताना आतलं काही बघता येत नाही. आधी बाहेर काढावं लागतं."

"मग बघून परत टाकायचं."

"अजून बघून झालं नाही. केवढं आहे ते. आणि ऐकायला चांगलं आहे."

"काय चांगलं आहे?"

तिने हेडफोनची पिन उपटली आणि हॉलमध्ये माझा आवाज घुमला. मी फोनवरचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड करतो, उद्या कोणी ठरलेला भाव फिरवायला नको म्हणून. ते सगळं त्या बॅकअपमध्ये जाऊन बसलं होतं.

"शेठ, मी आत्ता दिला असता हो या भावात. पण घरातून फार कडक आहेत. तिला विचारल्याशिवाय कांदा हलत नाही."

सुनंदाने पुढचं लावलं.

"काय सांगू, मागच्या वेळी तुम्हाला स्वस्त दिला, तर दोन दिवस मला जेवायला वाढलं नाही."

"पुढचं नको," मी म्हणालो.

"पुढच्यात मी तुमच्यावर लाटणं उगारलंय." तिने चष्मा काढला. "मी आयुष्यात मार्केट यार्डात पाय ठेवला नाही. तुमचे ते व्यापारी लग्नकार्यात मला लांबूनच नमस्कार का करतात, ते आत्ता कळलं."

"अगं, ती बोलायची पद्धत असते. त्याने भाव टिकतो."

"टिकू दे की. पण सगळं ऐकून होईपर्यंत यातलं काही जाणार नाही."

"आई, माझं वर्ष!" मधुरा दारातून म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. राजेंद्र लवकर आला होता. बहिणीने त्याला सगळं सांगितलं. चादर अजून माझ्या खांद्यावरच होती. त्याने खुर्ची ओढली, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, मी तेव्हा विचारलं होतं, रोज फक्त नवीन तेवढं ठेवू, की सगळं? तुम्ही म्हणालात, फुकटात मिळतंय तर सगळं ठेव. म्हणून रोज सगळ्याची नवीन प्रत निघतेय. एक ठेवतो, बाकीच्या काढतो."

श्रीखंडाचा डबा उघडायच्या आत जागा झाली. मधुराची फिल्म सेव्ह झाली, सोमवारी वेळेत गेली आणि ती पासही झाली. राजेंद्र मात्र जेवताना एक शब्द बोलला नाही. नुसता हसत होता. ते जास्त वाईट होतं.

तो निघताना सुनंदा म्हणाली, "राजू, कॉम्प्युटरच्या मालकीच्या जागी अजून तुझं नाव आहे ते काढून टाक."

माझा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत प्रथमच माझी बायको भावापुढे माझ्या बाजूने उभी राहिली होती.

"आणि माझं घाल," ती म्हणाली.

आता ती रोज दुपारी ऐकते. संध्याकाळी मी चपला काढायच्या आत मला सांगते, "त्या चाकणवाल्यापुढे फार लवकर नमलात. मला न विचारता भाव सोडायचा नाही." परवा त्याच चाकणवाल्याचा बटाट्यासाठी फोन आला. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच खरं बोललो.

"काहीतरी नवीन काढा, शेठ," तो म्हणाला. "ही थाप आता जुनी झाली."