मिठाची बरणी आणि गिटार

गल्लीतले लोक त्याला उद्याशेठ म्हणत. शेठपणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तो गिटारींना लॅकर मारायचा, आणि कुणी "कधी मिळेल?" विचारलं की दाराबाहेर नाक काढून हवा हुंगायचा नि सांगायचा, "उद्या बघू. आज हवा दमट आहे."

तसं त्याचं चुकत काहीच नव्हतं. दमट हवेत लॅकर मारला की सुकता सुकता त्यात बाष्प अडकतं आणि लाकडावर पांढुरकी झाक चढते, सांडलेलं दूध फडक्याने अर्धवट पुसल्यासारखी. असं एकही वाद्य आपल्या हातून गेलेलं नाही हा त्याचा अभिमान, आणि तो येता-जाता सगळ्यांना ऐकावा लागे. समोर दुसरा एक लॅकरवाला होता, तो कसल्याही हवेत काम उरकून मोकळा व्हायचा. "तो बुडत्या होडीलासुद्धा लॅकर मारील," असं उद्याशेठ म्हणे.

हवा मोजायचं यंत्र त्याच्याकडे होतं, पण विश्वास होता तो स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवर. सकाळी उठला की तोंडही न धुता तो बरणी तिरकी करायचा. मीठ सरसरत आलं तर काम, गोळा होऊन बसलं तर सुट्टी. त्या बरणीतलं मीठ कोरडं राहावं म्हणून कुणी काही करायचं नाही, असा घरात सक्त हुकूम होता. बिचारी बायको वर्षानुवर्षं चमच्याच्या दांड्याने मीठ फोडत होती.

या सगळ्यात एक गिटार उघडीच राहिली होती, ती त्याच्या लेकीची. तिचा जुना रंग त्यानेच मोठ्या हौसेने खरवडला होता. मग आधी गिऱ्हाइकांची कामं, मग दमट हवा, असं करता करता तिचा 'उद्या' काही उजाडला नाही. पोरगी त्या कोऱ्या लाकडावरच वाजवायला शिकली. आता रविवारी सभागृहात तिचा पहिला कार्यक्रम होता.

"बाबा, या वेळी नाही झाली ना, तर मी समोरच्या काकांकडून करून घेईन," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"रडायचं तर बाहेर जाऊन रड," तो घाईघाईने म्हणाला. "इथे हवा आधीच दमट आहे."

पोरगी खरंच बाहेर जाऊन रडली. बायकोने हे ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. दमट हवेचं हे सगळं थोतांड आहे असं तिचं जुनंच मत होतं. तिने मूठभर तांदूळ भाजून फडक्याच्या पुरचुंडीत बांधले आणि गुपचूप बरणीच्या तळाशी ठेवून दिले.

शनिवारी सकाळी उद्याशेठने बरणी तिरकी केली, तर मीठ सरसरत ओट्यावर सांडलं. बाहेर भिंतींना पाणी सुटलं होतं. दार फुगून चौकटीत अडकत होतं. यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन बसला होता. पण यंत्राचं काय घेऊन बसलात? मीठ खोटं बोलत नाही. तो मागच्या खोलीत गेला आणि त्याने शीळ घालत लेकीच्या गिटारीला लॅकर मारला.

थोड्या वेळाने बघतो तर गिटार दुधाळ! तो मटकन स्टुलावर बसला. उपाय त्याला तोंडपाठ होता. सावकाश सुकणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारला की लॅकर पुन्हा सैल होतो आणि आतलं बाष्प निघून जातं. पण त्यालाही हवा कोरडी लागते.

"उद्या," तो पुटपुटला.

"उद्या माझा कार्यक्रम आहे," लेक दारातून म्हणाली. मग तिचं लक्ष गिटारीकडे गेलं. आता ही रडणार म्हणून त्याने आधीच खिडकी उघडली. पण ती वाकून बघतच राहिली.

"बाबा, किती छान! धुक्यातून बाहेर आल्यासारखी दिसतेय. अशीच राहू दे."

"अगं, चूक आहे ती!"

"असू दे चूक. माझी आहे ना?"

रविवारी उद्याशेठ मान खाली घालून शेवटच्या रांगेत बसला. एका बाजूला बायको, आणि दुसऱ्या बाजूला नेमका समोरचा लॅकरवाला. लेक गिटार घेऊन मंचावर आली, दिवे लागले, तसा लॅकरवाला ताठ झाला आणि उद्याशेठकडे वळला.

"हा धुक्याचा रंग कसा साधलात हो?"

उद्याशेठची पंचाईत झाली. चूक म्हणावं तर लेकीच्या गिटारीची शोभा होणार. मुद्दाम केलंय म्हणावं तर जीभ रेटेना.

"मिठात तांदूळ ठेवून," पलीकडून बायको शांतपणे म्हणाली.

उद्याशेठने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती सरसरणारी बरणी त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि सगळा उलगडा झाला. तो आता तिच्यावर तोंड टाकणार, तेवढ्यात लेकीने वाजवायला सुरुवात केली. इतकी वर्षं ती भिंतीपलीकडे वाजवत होती आणि याचं सगळं लक्ष हवेकडे. पोरगी इतकं सुंदर वाजवते हे त्याला आजच कळत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तिचा फार फार अभिमान वाटला. समोरचा मंच हळूहळू धूसर व्हायला लागला.

"अहो," बायको त्याच्या कानाशी लागली, "रडायचं तर बाहेर जाऊन रडा."