सांडग्यांशेजारची बॅटरी

आमच्या घरात सेल कधी मरत नसे, त्याची फक्त बदली होत असे. बाबा बँकेतले, त्यामुळे बदल्यांची सवय होतीच. अशाच एका बदलीने आम्ही हिंदी मुलखातल्या शहरात आलो. तिथे मुरलीपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात माझी रिमोटची लाल गाडी रेंगाळायला लागली, की तिच्यातले पेन्सिल सेल गच्चीच्या कठड्यावर उन्हात जायचे. ऊन खाऊन आले की गाडी पुन्हा दोन-चार फेऱ्या मारायची. तेही जमेना, की सेल भिंतीवरच्या घड्याळात. काटा ढकलण्याइतका जीव त्यात असतो, असं बाबा म्हणायचे आणि तो असायचाही.

पुढे मी त्याच शहरात, जगतपुऱ्यात नोकरीला लागले आणि बाबा निवृत्त झाले. साताऱ्याच्या घराची डागडुजी संपेपर्यंत आई-बाबा माझ्या फ्लॅटवर राहिले. बाबा सकाळी पेपर वाचत आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचत. मला ते बघवेना. म्हणून मी रिमोटची गाडी आणली, या वेळी चांगली दणकट, मोठ्यांनी चालवायची. रविवारी शहराबाहेर कानोत्याला धरणाजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही ती पळवायचो. रिमोट हातात आला की बाबा ताठ उभे राहत. आई चटईवरून म्हणायची, "मतलब, इतकी वर्षं पोरीच्या नावावर स्वतःच खेळत होता तुम्ही."

अडचण एकच होती. गाडीबरोबर आलेली बॅटरी थर्मासमधला चहा ओतायच्या आत संपायची आणि रविवारही तिच्याबरोबर संपायचा. म्हणून मी आणखी एक मागवली. लेबलवर आकडा सगळ्यात मोठा आणि किंमत सगळ्यात कमी. ती तर पहिलीपेक्षाही आधी धापा टाकायला लागली.

चैत्रातल्या एका शनिवारी आईने बाल्कनीत सांडगे वाळत घातले होते. संध्याकाळी मी ते काढायला गेले, तर फडक्याखाली, सांडग्यांच्या रांगेत, ती नवी बॅटरी. भाकरीसारखी टम्म फुगलेली. बाबांनी दिवसभर तिला ऊन दिलं होतं. लिथियमच्या बॅटरीला ऊन म्हणजे विष, ती पेट घेऊ शकते, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, आणि नको तितक्या मोठ्या आवाजात. मग ती वाळूच्या बादलीत घालून खाली मोकळ्यावर नेऊन ठेवली. आईने सांडगे टाकून दिले नाहीत, हे तिचं धाडस.

दुसऱ्या दिवशी कानोत्याला बाबांनी रिमोट घेतलाच नाही. "तू चालव, मी बघतो," म्हणाले आणि चटईवर बसले. पुढच्या रविवारीही तेच. साताऱ्याहून फोन आला होता, रंग देऊन झाला होता. म्हणजे हाताशी रविवार थोडेच उरले होते आणि माझा बाप ते चटईवर बसून काढणार होता. मला रडू यायचं आणि रागही.

शेवटी मी त्यांना दुकानात घेऊन गेले. काउंटरवर दुकानदार भैयाने तीन बॅटऱ्या मांडल्या. गाडीला तिन्ही चालणाऱ्या, पिना तिन्हींच्या बसणाऱ्या, लेबलवरचा आकडाही एकच. किमती मात्र वेगळ्या. बाबा हात मागे बांधून उभे होते. मी म्हटलं, "बाबा, मला कळत नाही. तुम्ही बघा ना."

त्यांनी मागचे हात सोडले. मग मंडईत नारळ घ्यावेत तशा त्यांनी दोन बॅटऱ्या दोन तळहातांवर घेतल्या, एक खाली ठेवली, तिसरी उचलली. सर्वात स्वस्त होती ती हलकी निघाली. महाग आणि मधली सारख्याच भरल्या.

"मधली घे," ते म्हणाले. "आकडा काय, कोणीही छापेल. वजन कुठून छापणार?"

मधल्या दोन घेतल्या. त्या रविवारी चहा झाला, पोहे झाले, धरणापलीकडे ऊन उतरलं तरी गाडी धावत होती. रिमोट बाबांकडे होता. मी एकदा मागून पाहिला, तर दिला नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी गाडी खोक्यात भरून त्यांच्या सामानात ठेवली. बॅटऱ्या त्यांनी काढून माझ्या हातात दिल्या. मी म्हटलं, "अहो, मग तिकडे चालवणार कशी?"

"नाहीच चालवणार," बाबा म्हणाले. "तू येशील तेव्हा आण."

आता गाडी साताऱ्यात कपाटावर आहे आणि बॅटऱ्या इथे, माझ्या टेबलाच्या खणात. खूप दिवस नुसत्या ठेवायच्या तर त्या अर्ध्याच भरलेल्या ठेवाव्या लागतात, म्हणून मी अधूनमधून काढून बघते. प्रत्येक वेळी उगीचच दोन तळहातांवर तोलून पाहते. फोनवर बाबा तब्येतीचं विचारत नाहीत. विचारतात, "सावलीत आहेत ना?" दिवाळीची सुट्टी मंजूर झालीय. काल रात्री मी दोन्ही पूर्ण भरायला लावल्या. निघायला अजून आठवडा आहे, इतक्या लवकर भरायच्या नसतात, हे मला माहीत आहे.