लंडनात काढलेली दृष्ट

परदेश बघून आलेली बाई म्हणून काळाचौकीत माझा मान आहे. बायका विचारतात, राणीचा वाडा बघितलास का? नाही बघितला. लंडनमध्ये मी एक अख्खी थंडी काढली आणि त्यात एक स्वयंपाकघर, एक पाळणा आणि समोरच्या इमारतीची मागची भिंत बघितली.

एकोणीस वर्षांची होते, चौथी झालेली. आई दादरला एका घरी पोळ्या करायची. त्या घरच्या साहेबांना लंडनला काही महिन्यांची नोकरी लागली, वहिनींनाही काम मिळालं, आणि बाळ अजून रांगत होतं. ते सांभाळायला मला नेलं. निघताना आई म्हणाली, "थंय गेल्यार तोंड सांभाळ गो बाय. आपली चाळ नाय ती." आईची काळजी फुकट गेली. तिथे तोंड वापरायला माणूसच नव्हतं.

साहेब आणि वहिनी सकाळी जायचे, काळोख पडल्यावर यायचे. मधे मी आणि बाळ. आमच्या चाळीत भांडण ऐकायलासुद्धा गॅलरी भरायची. इथे मजल्यावर सहा दारं, सगळी बंद. मागे कोणी राहतं की नाही तेच कळेना. सवयीने मी एकदा दार उघडं टाकलं, तर वहिनी केवढ्या चिडल्या. "अगं, ही काय काळाचौकी आहे? कोणीही घुसेल!" मी मनात म्हटलं, घुसू दे की. बोलेल तरी.

बाकी त्रास काही नव्हता. पोटभर खायला होतं, कोणी हात उचलत नव्हतं. मला फक्त बोलायला माणूस हवं होतं.

एका दुपारी बाळ रडायला लागलं ते थांबेना. दूध नको, झोप नको. दात येत असणार, हे आता कळतं. तेव्हा मला एकच सुचलं, दृष्ट लागली. कोणाची लागली, हा विचार केला नाही. बघायलाच कोणी नव्हतं. मीठ, मोहरी आणि दादरहून आणलेल्या मूठभर लाल मिरच्या बाळावरून उतरवल्या. निखारे कुठून आणणार? तवा चांगला तापवला आणि सगळं त्यावर टाकलं. थंडीमुळे खिडक्या बंद, धूर आतच कोंडला.

छताला एक पांढरी वाटी पालथी चिकटवलेली होती. मला वाटायचं, बिघडलेला दिवा असेल. ती वाटी किंचाळायला लागली. मग जिन्यातली घंटा, मग सगळ्या इमारतीच्या घंटा. गॅस बंद केला, बाळाला शालीत गुंडाळलं आणि पळाले.

आणि दारं उघडली. सगळी. कोणी गालाला दाढीचा फेस लावलेला, कोणी बाई ओल्या केसांना टॉवेल बांधून, कोणी काखेत मांजर घेऊन. एवढी माणसं त्या भिंतींमागे गप्प बसलेली होती! खाली रस्त्यावर पहिल्या मजल्यावरची एक म्हातारी माझ्याकडे आली. आपला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि बाळाला घेतलं. ती तिच्या भाषेत बोलत होती, मी मराठीत. आमचं छान चाललं होतं. बाळही गप्प झालं.

बंबवाले वर गेले ते खोकत खाली आले. एकाच्या हातात माझा तवा. उंच धरून तो काहीतरी म्हणाला, लोक हसले, मीही हसले. आमच्यात म्हणतात, मिरच्या जाळून ठसका लागला नाही, तर दृष्ट होती म्हणायची. इथे अख्ख्या इमारतीला ठसका लागला. म्हणजे दृष्ट नव्हतीच.

मग घंटा थांबल्या, सगळे आत गेले आणि दारं लागली.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "परत असं केलंस तर सरळ विमानात बसवून देईन." त्यांनी धमकी दिली होती. मला ती लाच वाटली. पुढे बरेच दिवस मी मिरच्यांच्या बरणीकडे बघत बसायचे. एक मूठ टाकली की माणसं बाहेर, शिवाय घरी जायला मिळणार. पण दादरला साहेबांचे आईवडील होते, मग आईचं तिथलं कामही गेलं असतं. बरणीला हात लावला नाही.

त्यापेक्षा म्हातारीकडे जावं, असं ठरवलं. साहेब घरी होते त्या दिवशी वाटीत रव्याचे लाडू घेऊन पहिल्या मजल्यावर गेले आणि दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं. आतून साखळी लावलेली, तिच्या वर म्हातारीचा अर्धा चेहरा. मला बघून काहीतरी बोलली आणि दार लावून घेतलं.

मी थांबले नाही. तोंडावर दार लावल्यावर कशाला थांबायचं? जिन्याने वर निघाले. मागून तिचा आवाज आला, एकदा, परत एकदा. वाटलं, शिव्या देतेय. मी पाय उचलले. लाडू जिन्यातच बसून खाल्ले. त्यानंतर ती कुठे दिसली की मी मान फिरवायचे. ती हात वर करायची, मी बघायचे नाही. थंडी संपली आणि आम्ही परत आलो. तिथले उरलेले दिवस मी कोणाशी बोलले नाही.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. मी वरच्या मजल्यावर एकटी असते, मुलगा ठाण्याला. मागच्या वर्षी येऊन त्याने दाराला साखळी बसवली. "आई, कोण आहे ते बघितल्याशिवाय काढायची नाही."

दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. फटीतून बघितलं, कुरिअरवाला. साखळी काढायला गेले तर निघेना. ओढली, हिसडली. दार उघडं असलं की ती ताणलेली राहते. आधी दार पूर्ण लावायचं, तेव्हा ती सैल पडते आणि निघते.

दार लावलं आणि साखळीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. बाहेरून तो ओरडला, "आजी, आहात ना?"

"आहे रे, जाऊ नको," मी म्हटलं. "दार लावलं नाही तुझ्यावर. साखळी काढतेय."