ट्रे झाकायचा पत्रा

गाडीखाली ओल दिसली की गिऱ्हाईक धावत गॅरेजात यायचं. मिस्त्री मात्र शांतपणे वाकायचा, ओलीत बोट बुडवायचा, जिभेच्या टोकाला लावून थुंकायचा. गोड लागलं तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय, नाहीतर नुसतं एसीचं पाणी. तीस वर्षांत निकाल एकदाही चुकला नव्हता. मशिनी लावून बसणाऱ्या मोठ्या गॅरेजवाल्यांना तो हसायचा. आपलं मशीन बत्तीस दातांच्या आत आहे, म्हणायचा.

बोल्ट हा कुत्रा लेकीनं आणलेला. काढलेल्या कूलंटच्या ट्रेवर पत्रा झाकायचा नियमही तिचाच. कुत्रा चाटेल, म्हणायची. "मी तीस वर्षं चाटतोय, मला काय धाड भरली?" असं मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं. लेक सासरी गेली, कुत्रा बापाच्या गळ्यात पडला आणि पत्रा भिंतीला टेकून राहिला.

त्या दुपारी मिस्त्री जेवून आला, तर बोल्टचे चार पाय चार दिशांना चाललेले. "दिवसाढवळ्या टाकून आलास होय रे?" तो म्हणाला. शेजारचा पंक्चरवाला पोट धरून हसला. बोल्ट ओकला, झोपला, संध्याकाळी उठून भरपूर पाणी प्यायला. उतरली एकदाची, असं मिस्त्रीनं घरी जाऊन बायकोला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बोल्टची लघवी बंद झाली. कूलंटचं नाव निघताच जनावरांच्या डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. आधी झिंग येते, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि तोवर किडन्या गेलेल्या असतात. त्याच दुपारी आणला असता तर औषध होतं, म्हणाले.

बोल्टला पुरून आल्यावर बायको एकदाच बोलली. "तुम्ही थुंकत होतात. त्याला थुंकता येतं का?"

रात्री लेकीचा फोन आला. वय झालं होतं त्याचं, मिस्त्रीनं सांगितलं. बोल्टला पाच वर्षंही पुरी झाली नव्हती.

"बाबा, ट्रेवर पत्रा होता ना?"

बायको समोरच बसली होती. मिस्त्रीनं भिंतीकडे तोंड केलं.

"होता की," तो म्हणाला.