तुमची कॅचर कोण?

मेलबर्नमध्ये सॉफ्टबॉल उन्हाळ्यात खेळतात. मार्च संपला की मैदानं फुटीवाल्यांच्या, म्हणजे इथला फुटबॉल खेळणाऱ्यांच्या, ताब्यात जातात आणि आमच्यासारख्या घरांत शनिवार मोकळे होतात. या मोकळ्या महिन्यांत खेळ बंद असतो असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. सामने बंद असतात एवढंच खरं. श्रीमंत क्लब याच थंडीत पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, शोधत फिरतात, हे मला कळलं ते त्यांनी आमच्या घरातली पिचर शोधली तेव्हा.

ती पिचर म्हणजे माझी बायको. ती जळगावची. तिकडे मुली शाळेपासून सॉफ्टबॉल खेळतात, आणि ती विद्यापीठाच्या संघात पिचर होती. मग लग्न, पुण्यातली नोकरी, इकडचा व्हिसा, मुलगी. मधली पंधरा वर्षं तिने चेंडू हातात धरला नाही. शहराच्या पश्चिमेला ट्रुगानिनात घर घेतल्यावर एके दिवशी तिला समोरच्या ओव्हलवर, म्हणजे मैदानावर, बायका सराव करताना दिसल्या. ती कुंपणापाशी उभी राहून बघत होती म्हणे. पुढच्या आठवड्यात घरी यायला उशीर झाला तेव्हा मी विचारलं, कुठे होतीस?

"चेंडू टाकायला गेले होते," ती म्हणाली आणि कुकर लावायला घेतला.

त्या छोट्या क्लबमध्ये ती सहा सीझन खेळली. क्लबचा नियम असा की घरातल्या एकाने काहीतरी काम करायचं, सॉसेज भाजायचे किंवा स्कोअर लिहायचा. आम्ही शाकाहारी, त्यामुळे स्कोअर माझ्याकडे आला. तो मला आवडलाही. मी ऑफिसात गोदामांच्या मालाचे अंदाज बांधतो. कुठला आकडा कशामुळे हलला हे शोधायची खोड तिथून लागली आहे.

इथेही एक आकडा मला खटकायचा. बायको बॅटरला तिसऱ्यांदा चकवायची, म्हणजे बॅटर बाद व्हायला हवी. पण तरीही बॅटर पळत पहिल्या बेसवर पोहोचायची. सॉफ्टबॉलमध्ये तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या हातातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असला, तर बॅटरला पळायची मुभा असते. बायकोचा ड्रॉप बॉल सरळ येतो आणि बॅटरजवळच्या प्लेटपाशी एकदम खाली बुडी मारतो. बॅटरला तो कळायचा नाही, आणि आमच्या कॅचरलाही कळायचा नाही. कॅचर शाळेत शिक्षिका होती, स्वभावाने गोड, दोन्ही गुडघे अधू. चेंडू सुटला की ती इतकी ओशाळायची की बायकोच तिला धीर द्यायची.

एकदा घरी परतताना मी गाडीत हे काढलं.

"म्हणून मी पूर्ण जोर लावतच नाही," बायको म्हणाली. "पंचाहत्तर टक्के टाकते."

"पंचाहत्तर कशावरून?"

"तू आणि तुझे आकडे. बरं, बारा आणे म्हणते. पूर्ण टाकला तर तिच्या अंगावर आदळेल. आदळला नाही तर मागे कुंपणाला जाईल."

"सहा वर्षं?"

"हो, सहा वर्षं. आता खांदा दुखायला लागलाय. अजून दोन सीझन चालेल फार तर." थोड्या वेळाने ती म्हणाली, "एकदा तरी पूर्ण टाकून बघायचाय. समोर घेणारी हवी."

यापुढचं सगळं मी याच एका गोष्टीसाठी लिहितो आहे. तिला बक्षीस नको होतं, नाव नको होतं. खांदा आहे तोवर तिला झेलणारी हवी होती.

त्या मार्चमध्ये आमची सेमीफायनल पूर्वेकडच्या, क्लेटनच्या बाजूच्या एका मातब्बर क्लबशी झाली. त्यांच्याकडे फ्लडलाइट, पावसात सरावाला बंदिस्त जाळी आणि दोन प्रायोजक. आमचं कँटीन एका जुन्या कंटेनरमध्ये. आम्ही हरलो, पण थोडक्यात. मला त्यांची कॅचर बघायला मिळाली. त्यांच्या पिचरचा जमिनीलगतचा चेंडू ती असा उचलायची जसा कोणी दारातला पेपर उचलतो. बायकोही तिच्याकडेच बघत होती.

सामना संपल्यावर त्यांचा कोच आमच्याकडे आला. उंच, उन्हाने रापलेला, नम्र माणूस. बायकोला म्हणाला, पुढच्या सीझनला आमच्याकडे पिच करशील का? आम्हाला फार आवडेल.

बायको हसली. "नको, नको. माझं वय झालं आता. तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगल्या मुली असतील."

"नो वरीज," कोच म्हणाला. "विचारल्याशिवाय राहवलं नाही." आणि तो हात मिळवून गेला.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "तू नाही का म्हणालीस?"

"नाही कुठे म्हणाले?"

"नको नको म्हणालीस. मी शेजारी उभा होतो."

"अरे, पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणायचं का? किती हावरट दिसतं ते. तो विचारेल पुन्हा."

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "Mum, he won't. You said no."

"त्याला खरंच मी हवी असेन तर विचारेल," बायको म्हणाली.

यात तिचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडे जेवायला बसलेल्या माणसाने पहिल्याच विचारण्यावर आणखी पोळी घेतली तर वाढणारीच गोंधळते. नाही म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, पुन्हा नाही म्हणायचं, मग अर्धी घ्यायची. ही पद्धत आम्ही पुण्याहून आणि जळगावहून बॅगेत भरून आणली होती, आणि इथे समोरच्याला ती माहीत नाही हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

एप्रिल गेला, मे उजाडला. फोन वाजला की बायको नाव बघायची आणि ठेवून द्यायची. कोचने फोन केला नाही. पण बातमी फिरली. सॉफ्टबॉलची दुनिया लहान असते. पश्चिमेकडच्या एका पिचरने सर्वांत मोठ्या क्लबला नकार दिला, एवढंच सगळ्यांच्या कानावर गेलं, आणि त्याचा परिणाम उलटा झाला.

पहिला फोन दुसऱ्या एका क्लबचा आला. फी माफ, नवे बूट, वर पेट्रोलचे पैसे. बायको सवयीने म्हणाली, "अहो कशाला, एवढं काही नको." त्यांनी दोन दिवसांनी पुन्हा फोन केला आणि खांद्यासाठी फिजिओही देऊ केला. मी चकित झालो. गोदामात ज्या मालाला गिऱ्हाईक येत नाही त्याची किंमत आम्ही उतरवतो. इथे माल "मी विकायला नाही" म्हणत होता आणि किंमत चढत होती.

हे मी ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याला सांगितलं. तो लहानपणापासून बेसबॉलचा वेडा. त्याला अजिबात नवल वाटलं नाही. तिकडे दर हिवाळ्यात हेच चालतं, तो म्हणाला. एखादा नामांकित पिचर मोकळा झाला की पैसेवाले संघ त्याच्यामागे लागतात. पिचर गप्प बसतो, त्याचा एजंट गप्प बसतो, आणि जो जितका गप्प, त्याचा भाव तितका वर. कोण त्याच्याबरोबर जेवलं, त्याच्या बायकोला कुठलं शहर आवडतं, यावर बातम्या चालतात.

"मग शेवटी तो कुठे जातो?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा जिथे जास्त पैसे तिथे. पण कधीकधी फक्त एका कॅचरसाठीही जातात." मग त्याने डोळे बारीक करून विचारलं, "तुझ्या बायकोचा एजंट कोण, mate? तू?"

मी नाही म्हटलं. पण त्या दिवसापासून माझं कुतूहल चाळवलं. कोणता क्लब कशासाठी काय देतो, हे मी खोदून विचारू लागलो. बायकोला ते आवडलं नाही.

"तुला मजा वाटतेय," ती म्हणाली.

"थोडी वाटतेय."

"मला नाही वाटत. एकही जण कॅचरबद्दल बोलत नाहीये. बूट काय झेलणार आहेत का?"

जूनमध्ये तिने स्वतःच त्या पहिल्या कोचला फोन केला. मी शेजारी होतो. ती म्हणाली, "तुम्ही मार्चमध्ये विचारलं होतं. मला यायचंय."

तो अगदी मनापासून म्हणाला, "पण तू नाही म्हणालीस. मी न्यूझीलंडहून एक पिचर घेतली, गेल्या महिन्यात. आय अॅम सो सॉरी."

"नाही, नाही, ठीक आहे," बायको म्हणाली, आणि ते मात्र ठीक नव्हतं. फोन ठेवून ती बराच वेळ भांडी घासत राहिली. डिशवॉशर असताना.

मी म्हणालो, "बाकीचे क्लब आहेत."

"मला ती कॅचर हवी होती."

तिसरा क्लब थेट घरी आला. त्यांच्या अध्यक्षा साठीच्या, गुलाबी जाकीट घातलेल्या, आवाजात गोडवा आणि नजरेत हिशेब. आमच्या जवळच, पॉइंट कुकला बहीण राहते, तिच्याकडे येताना आमच्याकडे डोकावते, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. बायकोने पोहे केले. त्या "मी ठीक आहे, काही नको" म्हणाल्या तरी मी चहाही आणला. त्यांनी बिचाऱ्यांनी तो प्यायला, पोहेही खाल्ले, आणि लिंबू आणखी आहे का म्हणून विचारलं.

मला गंमत वाटली ती बसायच्या जागांची. वीस वर्षांपूर्वी जळगावच्या एका खोलीत मी आईवडिलांबरोबर खुर्चीवर बसलो होतो, आणि सासरे माझ्या समोर, पगार किती, घर कुठे, असं विचारत. आता सासऱ्यांच्या जागी मी होतो. आणि जिला बघायला आले होते ती तेव्हासारखीच गप्प बसून हाताच्या बोटांकडे बघत होती.

अध्यक्षांनी सगळं सांगितलं. जाळी, कोच, परगावच्या सामन्यांना बस. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला नेमकं काय हवंय, डिअर?"

मी तोंड उघडणार होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मिटलं.

"तुमची कॅचर कोण आहे?" ती म्हणाली.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. एवढं सांगून झाल्यावर असा प्रश्न बहुधा कोणी विचारला नसावा. "अॅम्ब्युलन्सवर काम करते. शिफ्ट्स विचित्र असतात तिच्या, पण सामना चुकवत नाही."

"तिला माझ्यासमोर बसवा. एकदाच. मग मी सांगते."

"ट्रायल तर आम्ही घेतो," अध्यक्षा हसल्या.

"हो. पण ही माझी आहे."

एवढं सरळ बोलताना मी तिला लग्नानंतर फार वेळा ऐकलेलं नाही.

ठरलेल्या रविवारी दुपारी कॅचर एकटीच आली, समोरच्याच ओव्हलवर. तिशीची, आखूड केस, रात्रपाळी करून थोडं झोपून आलेली. ट्रुगानिनाचा वारा सुटला होता, गवत ओलं होतं, पलीकडे पोरं फुटी मारत होती. मी आणि मुलगी जाळीमागे उभे राहिलो. कॅचरने मास्क लावला, पाय रोवून खाली बसली आणि मिट, म्हणजे झेलायचा जाड हातमोजा, पुढे धरला.

बायकोने हात फिरवून पहिला चेंडू टाकला. मिटमध्ये अलगद बसला. दुसराही. तिसऱ्यानंतर कॅचर उठली, मास्क वर केला आणि चालत बायकोपर्यंत गेली. त्या काय बोलल्या ते वाऱ्यात अर्धवट ऐकू आलं.

"हा तुझा सगळा जोर नाहीये, ना?"

बायको काहीतरी म्हणाली.

"लागला तर लागला. मी त्यासाठीच बसलेय."

ती परत येऊन बसली. बायकोने बोटं पँटला पुसली. मी इतक्या वर्षांत तिचा हात इतका मागून फिरताना पाहिला नव्हता. चेंडू आला, प्लेटपाशी नाहीसा झाल्यासारखा खाली गेला, आणि कॅचरच्या पोटऱ्यांमधून निसटून जाळीवर आदळला. मुलगी मागे सरली.

"वन मोर," कॅचर म्हणाली.

दुसरा तिच्या छातीच्या कवचावर बसून खाली पडला. ती खोकली, चेंडू उचलून परत फेकला. तिसरा तिने जमिनीपासून चार बोटांवर घेतला. मिटचा आवाज पलीकडच्या पोरांपर्यंत गेला असावा, कारण त्यांनी वळून पाहिलं.

बायको तिथेच उभी राहिली, हात अजून खाली तसाच. कॅचरने चेंडू परत फेकला तेव्हा तिला तो झेलायचं भान नव्हतं; तो तिच्या खांद्यावरून मागे गेला. ती चालत जाऊन चेंडू घेऊन आली आणि मग थांबलीच नाही. मी मोजत होतो, मग मोजणं सोडलं. काही सुटले, बहुतेक झेलले गेले. सुटला की कॅचर स्वतःला शिवी द्यायची, बायकोला नाही, आणि मिट थोडा खाली धरायची. मुलगी म्हणाली, "Dad, she's never thrown like that." मी म्हटलं, "मलाही माहीत नव्हतं."

अंधारायला लागल्यावर दोघी आमच्या स्वयंपाकघरात बसल्या. कॅचरने लाल झालेला डावा तळहात बर्फाच्या पिशवीवर ठेवला, बायकोने उजव्या खांद्यावर दुसरी पिशवी. आणखी आत झुकवून टाकला तर बॅटरला काय दिसेल, यावर त्या बोलत होत्या. अध्यक्षांना काय कळवायचं हे कोणी विचारलं नाही.

"सराव मंगळवारी असतो का?" बायकोने विचारलं.

"मंगळवार, साडेसहा."

"येते."

सराव शहराच्या पलीकडे. मंगळवारी ऑफिस सुटायच्या वेळी वाटेतल्या वेस्ट गेट पुलावर गाड्या किती वेळ अडकतात, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, बर्फाचा ट्रे पुन्हा भरला आणि फ्रीझरमध्ये ठेवला.